जातें आणलें, दळणार कोण?



गेल्या वर्षीं लातूर जिल्ह्यांतील आमच्या जुन्या गांवाहून मीं आईचें जातें नांदेडास आणलें, दुरुस्त करविलें, आणि आज तें आमच्या घरांत नित्य वापरांत आहे. या खटाटोपांत जें शिकावयास मिळालें, तें आपणांपुढें ठेवावें, एवढाच या भाषणाचा हेतु. मी पेशानें शाळामास्तर. दगडाचें काम माझें नव्हे. तेव्हां माझ्या चुकाहि सांगेन. ऐकणाराला त्यांचाच उपयोग अधिक.

तें जातें गांवीं पडून कां राहिलें, हें आधीं सांगितलें पाहिजे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारों लोक प्राणांस मुकले. आमची आई त्या रात्रीं अंगणांत निजली होती, म्हणून वाचली. पुढें गांव नव्या जागीं वसलें, आई आमच्याकडे आली, आणि जातें जुन्या घराच्या ढिगाऱ्याखालीं राहून गेलें. "आणूं काय?" असें मीं एकदोनदां विचारलें, "राहूं दे" एवढेंच ती म्हणे. ती गेल्यावर कांहीं वर्षांनीं पुतण्यास बरोबर घेऊन मीं तें उकरून काढलें.

वरची व खालची अशा दोन्ही तळ्या साबूत दिसत होत्या. खुंटा कुजून गेला होता आणि मधली लोखंडी खीळ गंजून झिजली होती. नांदेडास पाटे-वरवंटे विकणाऱ्या एका वृद्ध पाथरवटास मीं जातें दाखविलें. हात लावण्यापूर्वीं तो म्हणाला, "गुरुजी, आधीं दगड बोलतोय का बघा." त्यानें लहान हातोडीनें तळीवर ठिकठिकाणीं ठोकून पाहिलें. दगड अखंड असेल तर टणटणीत नाद निघतो. आंत तडा असेल तर बद्द आवाज येतो. बद्द वाजणाऱ्या दगडावर पुढचा पैसा खर्चूं नये. आमचा दगड बोलला. आपल्याकडील हा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. माणसाचें घर पडलें तरी त्याचें कांहीं बिघडलें नव्हतें.

तळ्या स्वच्छ पाण्यानें व ताठ कुंच्यानें घासल्या. साबण मुद्दाम वापरला नाहीं; दगडाच्या छिद्रांत त्याचा वास राहतो. चार दिवस त्या कडक उन्हांत वाळविल्या. खीळ नवी बसविली, खुंटा बाभळीचा घेतला. वरच्या तळीच्या तोंडांत एक आडवी लाकडी पट्टी असते, तिला माकडी म्हणतात. वरच्या दगडाचा भार तिच्यामुळें खिळीवर तोलला जातो. भरड काढावयाची असेल तेव्हां खिळीवर चिंधीची घडी ठेवावी, म्हणजे वरची तळी किंचित् उचलली जाते. बारीक पीठ हवें असेल तेव्हां ती काढावी.

मुख्य काम टाकीचें. वापरानें दगडाची दळती बाजू गुळगुळीत होते. मग दाणा कापला जात नाहीं, नुसता चुरडला जातो. पीठ तापतें आणि हातहि दुखतात. पाथरवटानें छिन्नीनें मधून कडेकडे असे बारीक टांचे घातले. मध्याजवळ दाणा आंत शिरावा म्हणून थोडी खोलगट जागा ठेविली, आणि कडेला दोन्ही तळ्या जुळत्या केल्या. टाकी लावतांना दगडाची धूळ उडते व ती फुप्फुसांस अपायकारक असते. म्हणून काम उघड्यावर करावें, आणि नाकातोंडास फडकें व डोळ्यांस चष्मा असावा. हें सांगतांच म्हातारा हंसला, परंतु चष्मा त्यानें लावला.

आतां माझी चूक. पाथरवटानें बजावलें होतें कीं पहिलीं दळणें टाकून द्यावीं. मीं एकदां मूठभर ज्वारी दळून टाकली आणि दुसऱ्या दळणाची भाकरी करावयास लावली. पहिल्या घासासरशीं नातू म्हणाला, "आजोबा, कचकच लागते." तेव्हां मला शाळेंतला प्रयोग आठवला. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन चमचाभर पीठ ढवळलें; जड कच लवकर तळाशीं बसते. तळाचा थेंब बोटांत चोळला कीं ती लागते. आणखी तीन दळणें टाकलीं, तेव्हां कोठें बोटास कांहीं लागेनासें झालें. आपण कोणी जातें सुरू कराल, तर ही परीक्षा केल्यावांचून पीठ पोटांत घालूं नका.

येथवर दगडाचें झालें. पण दुरुस्ती खरी अडली ती निराळ्याच ठिकाणीं. जातें ओट्याजवळ मांडून मी कौतुकानें पाहत होतों, तोंच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जातें आणलेंत, पण दळणार कोण?"

मजजवळ उत्तर नव्हतें. त्यांच्या लहानपणीं घरांत पहाटे चारला जात्याची घरघर सुरू होई आणि दहा माणसांचें पीठ उजाडण्यापूर्वीं पडे. मीं ती घरघर अंथरुणांतून ऐकली होती. त्यांनीं ती हातांनीं केली होती. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखांहून अधिक भरतात. त्यांत माहेरची ओढ आहे, तशी कष्टाची तक्रारहि आहे. विजेची गिरणी आली तेव्हां बायकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला, तो उगीच नव्हे. आईच्या "राहूं दे" या दोन शब्दांचा अर्थ मीं आजवर भूकंपाच्या दुःखाशींच लावीत आलों होतों. तो केवळ तेवढाच नसावा, हें मला त्या दिवशीं प्रथम जाणवलें.

गोदावरीच्या काठीं, येथून वरच्या अंगास असलेल्या गंगाखेडच्या जनाबाईची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्यासवें विठ्ठल दळूं लागला, असें परंपरा सांगते. देवानें जो खुंटा धरला, तो मास्तरानें धरण्यांत कमीपणा कसला? आम्हीं नियम असा केला: दळण मी व नातू यांनीं दळावें. गहूं गिरणींतच जावा. जात्यावर फक्त ज्वारी आणि थालीपिठाची भाजणी; सणावारीं थोडी डाळ भरडावी. ज्वारीचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते आणि भाकरी थापतांना चिरते; दोघांतिघांपुरतें ताजें पीठ असेल तर ती अडचण नाहीं. अर्धा किलो ज्वारीस आम्हांला अर्धा तास लागतो. आरंभीं माझा खांदा आठवडाभर धरला होता, हेंहि सांगून टाकतों.

दोन महिने सौभाग्यवती जात्याकडे फिरकल्या नाहींत. पिठाला मात्र नांवें ठेवीत नव्हत्या. एका रविवारीं नातू घरीं नव्हता. मी एकटाच दळीत होतों आणि घास घालावयास थांबावें लागल्यामुळें गति मोडत होती. त्या समोर येऊन बसल्या, दुसऱ्या हातानें खुंटा धरला आणि म्हणाल्या, "एवढा घास घालूं नये, जातें जड होतें." मग कितीएक वर्षांनीं त्यांच्या ओठीं एक ओवी आली. अर्धी आठवली, अर्धी गेली. मीं वही आणावयास उठूं लागलों, तर त्यांनीं खुणेनेंच बसविलें. जातें थांबवावयाचें नव्हतें.

तेव्हां आपल्या घरीं माळ्यावर किंवा परसांत एखादें जुनें जातें पडलें असेल, तर दगड ठोकून पाहा, टाकी लावून घ्या, कच तपासा. पण या सर्वांच्या आधीं घरांत बसून एक गोष्ट ठरवा, कीं दळणार कोण.