कोलटकरांची यादी

कवी अरुण कोलटकरांना एका मुलाखतीत आवडते कवी-लेखक विचारले, तेव्हा त्यांनी नावांची लांबलचक यादीच ऐकवली. व्हिटमन, मर्ढेकर, काफ्का, जनाबाई, तू फू, होनाजी, मांडेलश्टाम, पठ्ठे बापूराव, अगाथा ख्रिस्ती, गोडसे भटजी, चक्रधर, बळवंतबुवा, लीडबेली, मडी वॉटर्स, कुरोसावा आणि शेवटी लॉरेल-हार्डी! (मी निम्मीसुद्धा सांगितलेली नाही.) ही यादी सहसा गंमत म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिच्यात एक नेमकी निवड आहे, आणि ती मुख्यतः कानाने केलेली आहे.

विचारले होते लेखक. पण यातले कितीतरी लेखकच नव्हेत. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे बोलणे-वागणे म्हाइंभटांनी लोकांच्या आठवणींतून गोळा केले, म्हणून ‘लीळाचरित्र’ आपल्या हाती आले. लीडबेली आणि मडी वॉटर्स ब्लूज गायक, बळवंतबुवा भजनी बुवा. गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’ लिहिला खरा, पण सत्तावनची हकीकत ते ओसरीवर बसून सांगावी तशी सांगतात. कोलटकर स्वतः अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, इंग्रजीत गाणी लिहिली, मुंबईच्या बाजारू हिंदीत ‘मैं मॅनेजर को बोला’ ही कविता लिहिली. बोललेला शब्द लिहिलेल्या शब्दाहून कमी प्रतीचा, हे त्यांनी कधी मानलेच नाही.

कोणी म्हणेल, हे नावांचे प्रदर्शन आहे. पण ज्याला विद्वत्ता मिरवायची आहे तो याच यादीतल्या कीर्केगार्दच्या पंगतीला लॉरेल-हार्डीला बसवणार नाही. शिवाय ही नावे पुढे कवितेत कामाला येतात. मांडेलश्टामच्या कवितांवर सोव्हिएत राजवटीची वक्रदृष्टी होती. कागद जप्त होण्याची भीती, म्हणून त्याची पत्नी नादेज्दाने त्या पाठ करून जपल्या. कोलटकरांच्या २००३च्या ‘भिजकी वही’ या संग्रहात हीच नादेज्दा येते. आवडत्या कवीकडून त्याच्या कविता तोंडात सांभाळणाऱ्या बाईकडे कोलटकरांनी जावे, याला मी योगायोग म्हणणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तू फू किंवा काफ्का यांचा कानाशी काय संबंध? फारसा नाही, हे मान्य. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि जाहिरातींच्या मांडणीवर पोट भरलेल्या माणसाचा डोळाही यादीत आहे. चित्रपट दिग्दर्शक कुरोसावा त्याच वाटेने आला. ‘काळा घोडा पोएम्स’ तर फुटपाथ न्याहाळूनच लिहिलेल्या आहेत.

राहता राहिला मुळे तुटण्याचा आरोप. परदेशी ब्लूज ऐकणारा कवी मराठीला परका होतो का? ब्लूजमध्ये पहिली ओळ पुन्हा म्हणायची आणि तिसरीत वळण घ्यायचे, ही रूढ रीत. भजनातही ध्रुपदाकडे परतून अर्थ दर खेपेला थोडा पुढे सरकतो. असा कान तयार असल्यावर लीडबेलीमुळे तुकोबा दुरावत नाहीत; उलट कोलटकरांनी तुकोबांचे अभंग बोलक्या, रांगड्या इंग्रजीत नेऊन दाखवले. आपल्याकडे त्यांच्या १९७६च्या इंग्रजी ‘जेजुरी’ची चर्चा भरपूर होते. बळवंतबुवांच्या गप्पांतून उभी राहिलेली त्यांची मराठी कवितांची ‘चिरीमिरी’ मात्र त्या मानाने कमी वाचली जाते. ती जरूर वाचा, आणि मनातल्या मनात नको, मोठ्याने वाचा.