कंपाउंडवरची माणसे

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्रात दहावीची परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर मराठीचा होता. त्याच दिवशी जालना जिल्ह्यातले बदनापूर वाहिन्यांवर झळकू लागले. झेरॉक्सच्या दुकानातून उत्तरांच्या प्रती मिळत असल्याच्या बातम्या आल्या, धावपळ झाली, चौकशी लागली, खुलासे झाले. मातृभाषेच्या पेपरलाही कॉपी लागते याची अनेकांना लाज वाटली. ती वाटायलाच हवी. पण या सगळ्या गदारोळात एका माणसाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तो म्हणजे वर्गात उभा असलेला पर्यवेक्षक.

मराठवाड्यातल्या परीक्षा केंद्राचे चित्र ज्याने पाहिले आहे, त्याला हा माणूस ओळखीचा वाटेल. खिडकीबाहेर कोणाचा तरी मामा, कंपाउंडच्या भिंतीवर कोणाचा तरी चुलतभाऊ, गेटवर एखाद्या पुढाऱ्याचा कार्यकर्ता आणि आत सोळा वर्षांचा परीक्षार्थी. पर्यवेक्षकाने चिठ्ठी काढून घेतली की हा मुलगा आवाज न चढवता म्हणतो, “सर, पेपर सुटल्यावर याच रस्त्यानं जायचंय ना?” मोटारसायकलवरून एकट्याने वीस किलोमीटर घरी जाणाऱ्या मास्तरला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वयाने, शिक्षणाने आणि अधिकाराने मोठा असलेला माणूस त्या क्षणी लहान होतो.

मुले मुलांना छळतात, यावर शाळांमध्ये आता निदान पोस्टर तरी लागतात. मुले मोठ्यांना छळतात हे वाक्य उच्चारले की लोक हसतात. आणि छळल्या गेलेल्या माणसाला सर्वांत जास्त भीती असते ती याच हसण्याची. एवढ्याशा पोरांना आवरता येत नाही का, हा प्रश्न मुख्याध्यापक विचारतात, घरची माणसे विचारतात आणि शेवटी तो स्वतःलाही विचारू लागतो. त्यामुळे तक्रार होत नाही.

मुलांना मात्र नेमके कोणाला गाठायचे हे कळते. जिल्हा परिषदेत वट असलेल्या, पंचक्रोशीत नातीगोती असलेल्या गुरुजींच्या वाटेला कोणी जात नाही. तासिका तत्त्वावर आलेली नवी बाई, शाळेत खिचडी शिजवणारी ताई, रात्रीचा वॉचमन, बसस्टँडवर स्वतःशी बोलणारा वेडसर माणूस, टाळी वाजवत दुकानासमोर आलेली तृतीयपंथी व्यक्ती, ऐकू कमी येणारे आजोबा ही सोपी सावजे असतात. शिक्षणसेवकाचेच पाहा. २०२३ मध्ये वाढ होईपर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६ हजार रुपये मिळत, आता १६ हजार मिळतात. मोठ्यांच्या जगाने कोणाची किंमत किती लावली आहे, हे मागच्या बाकावरचे पोर अचूक वाचते.

असे प्रकार उजेडात कसे येतात, हेही पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकातल्या दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातल्या नल्लूरच्या सरकारी शाळेत मुलांनी हिंदीच्या शिक्षकांच्या डोक्यावर कचऱ्याची बादली पालथी घातली. ते शिकवत राहिले. पोलिसांकडेही गेले नाहीत. जगाला कळले ते मुलांनीच मौजेखातर काढलेल्या व्हिडिओमुळे. त्याआधी, जून २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस या गावी शाळेच्या बसमध्ये मुलांवर देखरेख करणाऱ्या ६८ वर्षांच्या कॅरन क्लाइन यांना सातवीच्या चार मुलांनी सुमारे दहा मिनिटे रडवले. त्यांच्या अंगावरून, वयावरून, घरच्यांवरून नको ते बोलले. क्लाइनबाईंनीही तक्रार केली नव्हती. बसमधल्याच एका मुलाने केलेले चित्रण इंटरनेटवर चढले आणि गाजले.

ग्रीसमध्ये पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. टोरांटोमधल्या एका तरुणाने आजींना सुट्टीवर जाता यावे म्हणून ५ हजार डॉलर जमवायचे ठरवले आणि जमले ७ लाखांहून अधिक. दुसरीकडे त्या मुलांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. दहा मिनिटांच्या क्रूरपणाला हजारो अनोळखी मोठ्या माणसांनी त्याहून क्रूर उत्तर दिले, तेही न्यायाच्या नावाने. शहाणपणा दाखवला तो खुद्द क्लाइनबाईंनी. फौजदारी खटला नको, असे त्यांनी सांगितले. शाळेने चौघांना वर्षभरासाठी नेहमीच्या वर्गातून काढून पर्यायी शिक्षणाच्या कार्यक्रमात पाठवले आणि प्रत्येकाला ज्येष्ठ नागरिकांसोबत ५० तास सेवा करायला लावली. शिक्षण थांबले नाही, पण सुटकाही झाली नाही. ज्यांच्या वयाची टिंगल केली त्याच वयाच्या माणसांची कामे करायची, हा निर्णय ज्या कोणाला सुचला त्याला मुलांचे मन कळत होते असे म्हणावे लागेल.

असा निर्णय जालन्यात होऊ शकतो का? कायद्याने होऊ शकतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १८ मध्ये समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेखीखाली घरी ठेवणे आणि जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात पाठवणे, अशी शिडीच दिली आहे. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली किमान एक स्त्री असते. गंमत अशी की समाजसेवा ही शिक्षा मोठ्यांच्या फौजदारी कायद्यात १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहितेबरोबर आली. मुलांच्या कायद्यात ती कितीतरी आधीपासून आहे.

वयाचा हिशेबही कायद्याने केलेला आहे. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडतच नाही, असे संहितेचे कलम २० म्हणते. सात ते बारा या वयात मुलाला परिणाम कळण्याइतकी समज होती का, ते पाहतात. अठरापर्यंत सगळ्यांसाठी बाल न्याय मंडळ, आणि फक्त निर्घृण गुन्ह्यात सोळा पूर्ण झालेल्या मुलाबाबत मोठ्यांसारखा खटला चालवायचा का याचा विचार. पर्यवेक्षकाला धमकावणे या शेवटच्या प्रकारात येत नाही. कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ला केला तरी संहितेच्या कलम १३२ खाली कमाल शिक्षा दोन वर्षे, म्हणजे मुलाच्या बाबतीत तो किरकोळ गुन्हा ठरतो. अशा वेळी सहसा एफआयआर होत नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा अहवाल मंडळाकडे जातो.

इथवर सगळे समंजस आहे. खोट आहे ती घड्याळात. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून घ्यायचे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यात संपली नाही तर कारवाई आपोआप बंद होते. मुलाला वर्षानुवर्षे टांगून ठेवू नये हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण ज्या घराला तारखा पुढे ढकलण्याची कला अवगत आहे, त्या घरातले पोर यातून भलताच धडा घेऊन बाहेर पडते.

पुण्याच्या कल्याणीनगरचे प्रकरण इथे आठवतेच. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तो छळाचा नव्हे, मृत्यूचा विषय होता. आजच्या विषयाच्या तो कितीतरी पलीकडे जातो. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. देश निबंधावर चिडला, पण त्याहून मोठा प्रकार रुग्णालयात घडल्याचे पोलिसांनी पुढे आणले. मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि आई-वडिलांना अटक झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाच्या कृत्यात मोठ्यांचा वाटा वेगळा मोजायचा, हे तत्त्व रस्त्यावर आले. शाळेच्या गेटपाशी ते अजून पोचलेले नाही.

बदनापूर असो की मंठा, परतूर असो की भोकरदन, पर्यवेक्षकाला धमकी देणाऱ्या मुलाची पाठ कंपाउंडवरच्या माणसांनी राखलेली असते. २०१० च्या सुमारास मराठवाड्यातल्याच नांदेडमध्ये श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीसाठी सगळे प्रशासन परीक्षेत उतरले. निकाल कोसळला, ओरड झाली, पण मोकळ्या हातांनी पेपर लिहिता येतो हे त्या जिल्ह्याला दिसले. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे. त्याखाली चिठ्ठी फेकणाऱ्या मामाला धरता येते. तरी दरवर्षी जास्त करून पकडला जातो तो बाकावरचा भाचा.

म्हणून मुलाला सोडून द्यावे काय? अजिबात नाही. मामा दोषी ठरला म्हणून भाच्याचे वाक्य पुसले जात नाही. फक्त दोघांची खाती वेगळी हवीत.

आणि सगळ्या वर्गाचे एक खाते तर मुळीच नको. टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट मराठी घरात कोणाला सांगावी लागत नाही. खरी असो वा नंतर रचलेली, पिढ्यान्‌पिढ्या ती आवडीने सांगितली गेली, कारण सरसकट शिक्षेतला अन्याय मुलाला लगेच कळतो. त्या गोष्टीतला मुलगा मास्तरांशी वाद घालतो, पण त्यांना छळत नाही. हा फरक मोठ्यांनी गिळला की प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट ठरते आणि गोड बोलून बाईंचा चोरून व्हिडिओ काढणारा हुशार ठरतो.

इथे एक काटेरी मुद्दा टाळता येत नाही. मुलांनी मोठ्यांविरुद्ध केलेली प्रत्येक तक्रार ही दांडगाई आहे, असे मानणाऱ्यांची एक जमात असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले, त्यानंतर तसे मानणे गुन्ह्याइतकेच वाईट आहे. पॉक्सो कायद्याचे कलम २२ खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा सांगते, पण तक्रार मुलाने केली असेल तर त्याला शिक्षा नाही. हे योग्यच आहे. मुलाचे तोंड भीतीने बंद होण्यापेक्षा ते बरे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारझोड आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. “हात बांधले आमचे,” असे स्टाफरूममध्ये ऐकू येते. पण छडी होती तेव्हा जालन्यातल्या वर्गात मास्तरांची टवाळी होत नव्हती, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? तेव्हा ती त्यांच्या पाठीमागे व्हायची, एवढेच.

उणीव दुसरीकडे आहे. मुलांसाठी तक्रारपेटी आहे, सखी सावित्री समिती आहे. खिचडी शिजवणाऱ्या ताईला मुलांनी शिवी दिली तर तिने कोणत्या पेटीत चिठ्ठी टाकायची? शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. खडू-फळ्याच्या खरेदीवर सह्या करण्यापलीकडे या समितीला हे गाऱ्हाणे ऐकायला बसवता येईल. पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी.

गाऱ्हाणे ही आपल्याकडची जुनीच सोय. आपल्या गवळणींचे निम्मे साहित्य म्हणजे मोठ्या बायकांनी एका खोडकर पोराविरुद्ध त्याच्या आईच्या दारात मांडलेली तक्रार. यशोदा पोराची बाजू घेते, तरी ऐकून घेते आणि एकदा उखळालाही बांधते. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावापासून थेट जालन्याच्या जुन्या मोंढ्यापर्यंत हीच पद्धत चालायची: नुकसान झालेला माणूस आईकडे जायचा, आई पोराचा कान धरून त्याच्याकडे न्यायची. आज दार उघडण्याआधीच उत्तर येते, “आमचं लेकरू असं करणारच नाही.” मग पुढची पायरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यापुढची पोलीस.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अशा दारातल्या बैठकीलाच न्यायव्यवस्थेत जागा दिली. माओरी समाजाच्या रीतीवरून तिथे मुलगा, त्याचे कुटुंब आणि झळ बसलेली व्यक्ती एकत्र बसून भरपाई काय करायची ते ठरवतात. उलट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाने २०१२ मध्ये शिक्षकांना इंटरनेटवरून छळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गुन्हाच तयार केला. दोन रस्त्यांत पहिला जालन्याच्या अधिक जवळचा आहे. एक अट मात्र हवी: झळ बसलेल्याला बैठकीला यायची सक्ती नको आणि माफ करायची तर त्याहून नको. “जाऊ द्या सर, लेकरू आहे” हे वाक्य म्हणायचा अधिकार फक्त त्या सरांचा, सरपंचाचा नाही.

परदेशातल्या मराठी घरांना यात आपले काय, असे वाटू शकेल. डिसेंबरच्या सुट्टीत गावी आलेली मुले आठवून पाहावीत. आजोबांचा इंग्रजी उच्चार ऐकून एकमेकांना खुणावणारी, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे चोरून चित्रण करून मित्रांना पाठवणारी, रिक्षावाल्याला “स्लो” म्हणून हिणवणारी. ती वाईट मुले नव्हेत. त्यांच्या आईवडिलांनी गाडीत बसल्यावर रिक्षावाल्याची केलेली नक्कल त्यांनी ऐकलेली असते, इतकेच. आजोबा मुलाकडे तक्रार करणार नाहीत. वर्षा-दोन वर्षांतून येणाऱ्या नातवाचे गाऱ्हाणे कोण करतो? म्हणून इथे पहिले पाऊल पालकाने, न विचारता टाकायचे असते. विमानतळावरून फोनवर म्हणवून घेतलेले “सॉरी” कामाचे नाही. मावशींसमोर उभे राहून, त्यांच्या देखत ते चित्रण पुसायचे, ज्यांना पाठवले त्या प्रत्येकाला स्वतः कळवायचे आणि उरलेल्या सुट्टीत आपली भांडी आपण घासायची. बापानेही आपले ताट उचलून मुलाच्या शेजारी बसायला हरकत नाही, नक्कल त्याचीच होती.