सायलेन्सरची नळी



मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना मोताळा मागे पडलं की राजूर घाट लागतो. त्या घाटात माझी राजदूत मोटारसायकल धापा टाकायला लागली, तेव्हा मी पेट्रोलवर संशय घेतला. खरं तर करणी माझीच होती.

आदल्या रविवारी अंगणात पोतं अंथरून मी सायलेन्सरच्या शेपटाचा बोल्ट काढला आणि पक्कडीनं आतली नळी ओढून घेतली. भोकाभोकांची, चिकट काजळीनं माखलेली. निम्मी भोकं बुजलेली. ही काढून टाकली तर धूर मोकळा जाईल आणि गाडीला बळ येईल, एवढंच माझं गणित. किक मारली आणि सगळी गल्ली दारात आली. आवाज असा, की मला वाटलं गाडी दुप्पट ताकदीची झाली.

घाट कसाबसा चढून मी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं शेपटात बोट घातलं आणि हसला. "सर, नळी काढून ठेवली अन् म्हन्ता गाडीले दम नाही! दम त्या नळीतच व्हता."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. राजदूतचं इंजिन दोन स्ट्रोकचं. त्यात ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत शिरत असतानाच जळका धूर बाहेर पडत असतो. दोन्ही दारं काही क्षण एकदमच उघडी. धुरामागोमाग ताजं मिश्रणही निसटू बघतं, त्याला सायलेन्सरमधून उलटा येणारा दाब अडवतो. नळी गेली की तो दाब गेला, आणि इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे नेमकं चढावर, गाडी बसते.

मिस्त्रीनं ती नळी रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवली. मला मात्र दोन पावलं लांब उभं केलं, कारण कॉस्टिकनं कातडी सोलून निघते. सकाळी ती धुऊन धगीवर धरली, तशी काजळीचे पापुद्रे सुटले. दगडावर ठोकली, उजेडाकडे धरली. सगळी भोकं लख्ख.

आता गाड्या चार स्ट्रोकच्या आहेत, पण अंगणातलं गणित तेच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा या धुराच्या मानकाच्याच गाड्या येऊ लागल्या. त्यांच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, धूर कमी घातक करणारा कन्व्हर्टर असतो. कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या महाग धातूंचा लेप; त्यासाठीच चोर आतली 'माती' काढून नेतात. असा सायलेन्सर कापून फटाक्याचा बसवला, की इंजिनाचा हिशेब चुकतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जे फटाके फुटतात, ते तापल्या नळीत पेटणारं न जळलेलं पेट्रोल असतं. खिशातल्या पैशांचं.

कायद्यानं नव्या गाडीच्या चाचणीत ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट झाली. असा मोठा आवाज केला तर दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. पोलीस जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, त्या तमाशाचं मला फारसं कौतुक नाही. ते विकणारा तर दुकानातच बसलेला असतो. पण खामगावच्या वाटेवर, बोथ्याच्या जंगलात, कुणी फटाके फोडत गेलं की वाटतं, ज्ञानगंगा अभयारण्यातली जनावरं काय म्हणत असतील? २०१९ साली एक वाघ पार टिपेश्वर अभयारण्यातून चालत तिथवर आला होता.

घरी काहीच करू नये असं नाही. बेंड पाईप इंजिनाला जिथं मिळतो तिथं बघा. काळा डाग दिसला तर पॅकिंग गेलंय. नवं टाका, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. राजूर घाटाच्या दिवसाचा चटका माझ्या पोटरीवर अजून आहे.