शेवटी येणाऱ्याचं ऊन



पत्रिकेत आजचा विषय ‘पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळातील हवामानाधारित संघबांधणी’ असा भारदस्त छापला आहे. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीतल्या उपमा होत्या, उद्या मधुमेह आहे. मधली संध्याकाळ माझ्या वाट्याला आली. (हशा)

पोकेमॉन म्हणजे काय, हे पहिल्या दोन रांगांना सांगायला गेलो तर मुलं उठून जातील. मागच्या रांगांनी घरी गेल्यावर नातवंडांना विचारावं. 1996 साली जपानात खेळ आला, लहानपणी किडे पकडत हिंडणाऱ्या सातोशी ताजिरींनी तो घडवला, त्यातले चित्रविचित्र प्राणी एकमेकांशी लढतात, एवढ्यावर आज भागेल. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर, हेही गृहीत धरतो. जागतिक स्पर्धेत सामने दुहेरी असतात. आपण सहा प्राणी घेऊन जायचं, समोरच्याचे सहा बघायचे, 90 सेकंदांत आपले चार निवडायचे आणि त्यांतले दोन-दोन मैदानात ठेवायचे. झाली प्रस्तावना.

आता हवामान. 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये पाऊस, ऊन आणि वाळूचं वादळ आलं. पावसात पाण्याच्या चाली दीडपट होतात, आगीच्या निम्म्या. उन्हात नेमकं उलटं. ‘थंडर’ ही विजेची चाल एरवी शंभरात सत्तर वेळा लागते, पावसात चुकतच नाही आणि उन्हात पन्नासवर येते. सोलर बीमला एरवी एक टर्न दम धरावा लागतो, उन्हात ती लगेच सुटते. शिवाय काही प्राण्यांचा वेग त्यांच्या हवामानात दुप्पट होतो. पावसात स्विफ्ट स्विमवाले, उन्हात क्लोरोफिलवाले, वाळूत सँड रशवाले.

आणि इथेच सगळे फसतात. पहिला संघ बांधणारा पोरगा काय करतो? पाऊस पाडणारा एक घेतो आणि पावसात सुसाट सुटणारे चार. वेग दुप्पट, ताकद दीडपट, आता कोण अडवतो! पहिल्याच सामन्यात समोरचा ऊन पाडतो आणि पाचही जण हात चोळत उभे.

म्हणून मी आज एकच गोष्ट सांगायला आलो आहे. हवामानाच्या संघात सर्वांत मोलाचा गुण वेग नाही, संथपणा आहे. पाऊस कुणी आणला याला किंमत नाही, कुणाचा टिकला याला आहे. आणि टिकतो तो शेवटी येणाऱ्याचा.

नियम असा. दोन्ही बाजूंचे प्राणी एकाच वेळी मैदानात उतरले की ज्याचा वेग जास्त त्याची ॲबिलिटी, म्हणजे हवामान आणण्यासारखा अंगचा गुण, आधी लागते. म्हणजे वेगवान माणूस घाईघाईने पाऊस पाडतो, त्याच्यामागून संथ माणूस सावकाश ऊन पाडतो आणि मैदानात ऊन राहतं. व्याख्यानमालेतही हेच चालतं. वक्ता तासभर घसा कोरडा करतो, अध्यक्ष शेवटी उठून पाच मिनिटं बोलतात आणि घरी जाताना लोक अध्यक्षांचीच वाक्यं म्हणत जातात. (हशा. अध्यक्षही हसतात.)

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. 2010 मध्ये ब्लॅक-व्हाइट आले आणि त्या पिढीत पॉलिटोड या साध्या बेडकाला पाऊस आणि नाइनटेल्स या कोल्हिणीला ऊन मिळालं. तेव्हा ॲबिलिटीनं आणलेलं हवामान संपायचंच नाही, दुसऱ्या कुणी बदललं तरच बदलायचं. घराघरांत हवामानयुद्ध पेटलं. पाऊस आणि स्विफ्ट स्विम यांची जोडी इतकी माजली की स्मॉगॉन या खेळाडूंच्या समुदायानं 2011 मध्ये आपल्या मुख्य प्रकारात ती दोन्ही एका संघात ठेवायलाच बंदी घातली. त्या युद्धातले मूळ वेग बघा. नाइनटेल्स 100, पॉलिटोड 70, टायरनिटार 61, ॲबोमास्नो 60, हिपाउडन 47. समोरासमोर उतरल्यावर कोण जिंकत असेल? सगळ्यांत देखणी, सगळ्यांत चपळ नाइनटेल्स बहुतेक वेळा हरायची. वाळूत पाय रोवून बसलेला हिपाउडन जिंकायचा.

2013 मध्ये एक्स-वाय आले आणि कायमचं हवामान गेलं. आता पाच टर्न, हातात ठरावीक दगड दिला तर आठ. पावसाला डॅम्प रॉक, उन्हाला हीट रॉक. मला विचाराल तर या खेळातली ही सर्वांत शहाणी सुधारणा. कारण आता पाऊस पाडून भागत नाही, तो परत आणावा लागतो. आणि एक खोच आहे, मुलांनी लिहून घ्या. पाऊस चालू असताना पाऊस आणणारा पुन्हा मैदानात आला तर मोजणी नव्याने सुरू होत नाही. आधीचा संपू द्यावा लागतो. म्हणजे परत कधी यायचं, ते टर्न मोजून ठरवायचं.

(मागून एक आवाज: ‘पोकेमॉन गोबद्दल सांगा ना!’)

गो? गोमध्येही हवामान आहे, 2017 च्या अखेरीस आलं. तुमच्या गावात खरोखर पाऊस पडत असेल तर पाण्याच्या चाली बळकट होतात. पण तिथे पाऊस वेधशाळेच्या हाती. (हशा) मी बोलतोय तो पाऊस माणसानं मुद्दाम आणलेला आहे. त्यात बुद्धी लागते. असो.

संथपणा उपजत असतो, तसा तो कमवावाही लागतो. कायोगर हा पावसाचा महाकाय मासा आणि ग्राउडन हा उन्हाचा राक्षस, दोघांचा मूळ वेग अगदी सारखा, 90. आता 50 व्या पातळीवरचा कायोगर पूर्ण तयारीनिशी 156 वेगाने पळतो. तोच कायोगर जन्मजात वेगाचा आकडा शून्य असलेला घेतला, वेग कमी करणारा स्वभाव घेतला आणि वेगावर एक दाणा खर्च केला नाही, तर 85 वर येतो. 2016 च्या हंगामात जगभरातले खेळाडू असा मुद्दाम मंदावलेला कायोगर आणि ग्राउडन शोधत बसायचे, का, तर मागून उतरून समोरच्याचं आभाळ पुसता यावं. त्या दोघांच्या आदिम रूपात तर उन्हात पाण्याची चाल चालतच नसे आणि पावसात आगीची. एका आकड्याने मागे असणं म्हणजे अर्धा सामना.

आता कुणी म्हणेल, त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला जगज्जेता झालेल्या वुल्फ ग्लिकनं कायोगरबरोबर रेक्वाझाही घेतला होता, जो हवामानाचा परिणामच थांबवतो. मग तुमच्या सिद्धान्ताचं काय? मित्रहो, हा आक्षेप मला दर ठिकाणी ऐकावा लागतो. हवामान आपल्या बाजूचं नसेल तेव्हाचा बंदोबस्त त्यानं संघातच करून ठेवला होता. शेवटचा शब्द आपला असावा, एवढंच तर मी म्हणतोय! त्यात माझ्याविरुद्ध काय आहे?

आता फळ्यावर या. आपल्याकडून टॉर्कोल आणि हिसुईची लिलिगंट. समोरून पेलिपर आणि बॅस्क्युलेजियन. पेलिपर हा पाणपक्षी, पाऊस आणतो, मूळ वेग 65. बॅस्क्युलेजियन स्विफ्ट स्विमवाला, लिलिगंट क्लोरोफिलवाली. टॉर्कोल हे कोळसा जाळणारं कासव, ऊन आणतं, मूळ वेग 20. पुरता मंदावला तर 50 व्या पातळीवर 22. ससा-कासवाची गोष्ट मी सांगणार नाही, कारण इथे ससा झोपत नाही. तो जागा असूनही हरतो.

चौघे उतरले. पेलिपरचा पाऊस आधी आला. लगेच टॉर्कोलचं ऊन आलं. बॅस्क्युलेजियनचा वेग होता तेवढाच राहिला, लिलिगंटचा दुप्पट झाला. आता टॉर्कोलच्या हातात इरप्शन नावाची चाल आहे. अंगात पूर्ण जीव असेल तर ताकद 150, निम्मा असेल तर 75. दोघांना एकदम लागते म्हणून पाऊणपट, पण ऊन आहे म्हणून दीडपट. हीच चाल पावसात निम्मी झाली असती. म्हणजे उन्हात आणि पावसात तिपटीचा फरक.

तुम्ही म्हणाल, कासव इतकं संथ, त्याची पाळी येईपर्यंत ते मार खाऊन अर्धमेलं होईल, मग कुठली 150 ताकद? खरं आहे. म्हणून बाजूला लिलिगंट. ती दुप्पट वेगाने सगळ्यांच्या आधी हलते आणि ‘आफ्टर यू’ ही चाल टॉर्कोलवर वापरते. टॉर्कोलला लगेच पुढचा नंबर मिळतो आणि पूर्ण ताकदीची इरप्शन...

(पहिल्या रांगेतून एक मुलगा: ‘सर, पेलिपर वाइड गार्ड मारेल.’ टाळ्या.)

बरोबर. पुढच्या वर्षी या मंडळींनी तुलाच बोलवावं. वाइड गार्डला अग्रक्रम आहे, ती लिलिगंटच्याही आधी लागते आणि दोघांना लागणारी चाल अडते. पण बाळा, वाइड गार्डनं इरप्शन अडते, ऊन अडत नाही! पेलिपरनं अख्खा टर्न ढाल धरण्यात घालवला. पुढच्या टर्नला मी एकट्या पेलिपरवर चाल करेन, तिथे वाइड गार्डचा उपयोग नाही. आणि ऊन अजून चार टर्न आहे.

(मुलगा: ‘चार टर्नच ना?’ हशा.)

चारच. पण पाऊस परत आणताना पेलिपर शहाणा असेल तर तोही संथपणाच्याच वाटेनं जाईल. सगळ्यांचे वार झाल्यावर ‘यू-टर्न’ मारायचा आणि आपण बाहेर पडून साथीदाराला बिनधोक आत आणायचं. वेगवान पेलिपर आधी बाहेर पडला तर साथीदार येता येताच मार खातो. म्हणजे शत्रूसुद्धा माझंच म्हणणं सिद्ध करतोय.

आता या टॉर्कोलबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. उंची अर्धा मीटर, वजन 80.4 किलो. 2002 च्या रूबी-सफायरमध्ये आलं आणि 2016 च्या सन-मूनपर्यंत ऊन पाडण्याची ॲबिलिटी त्याला नव्हती. चौदा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते राहतं होएन प्रदेशातल्या फायरी पाथ या तापलेल्या बोगद्यात. त्या प्रदेशाचा नकाशा जपानच्या क्युशू बेटावरून घेतला आहे, आडवा फिरवून. बोगद्यापलीकडे 113 क्रमांकाची वाट आहे, तिथे ज्वालामुखीची राख सारखी भुरभुरते. गवतावर राखेचा थर असतो. तुम्ही त्यातून चाललात की पाऊल पडेल तिथली राख झडून खालचं हिरवं गवत दिसतं. त्या वाटेवर एक काचेचा कारागीर राहतो, तो पोतं देतो. पावलापावलाला झडलेली राख पोत्यात साठवायची आणि त्याला नेऊन द्यायची, तो तिची काच करून बासरी बनवतो. निळी, पिवळी, लाल, पांढरी, काळी. मी या वाटेवर किती संध्याकाळी घालवल्या ते घरच्यांना विचारा.

आणि हे सगळं काही कल्पनेतलं नाही. क्युशूच्या दक्षिणेला कागोशिमा शहर आहे, समोर आखातापलीकडे साधारण चार किलोमीटरवर साकुराजिमा ज्वालामुखी. 1914 च्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की साकुराजिमाचं बेटच मुख्य भूमीला जोडलं गेलं. आजही राख पडते तेव्हा कागोशिमात लोक छत्र्या उघडतात. हवामानवृत्तात ज्वालामुखीवरच्या वाऱ्याची दिशा सांगतात, म्हणजे कपडे कुठल्या दिवशी वाळत घालायचे ते कळतं. महापालिका राख भरायला पिवळ्या पिशव्या वाटते, त्या भरून ठरलेल्या जागी ठेवायच्या. विचार करा, अशा मुलखाच्या नकाशावर ज्यांनी खेळ बांधला, त्यांना हवामान म्हणजे पडद्यामागची सजावट कसं वाटेल? त्याच खेळात 119 क्रमांकाच्या वाटेवर पाऊस असतो आणि तिथली लढाई पावसातच सुरू होते. वाळवंटात वादळ असतं, लढाईतही वादळ. फक्त त्या राखेचा लढाईत काडीचा उपयोग नाही. नुसती पडत राहते. मला तर...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

दहा मिनिटं म्हणतात. या खेळात एका टर्नला 45 सेकंद मिळतात, त्या हिशेबानं दहा मिनिटं चैन आहे. पण मी पळतो. वाळूचं वादळ: खडक, जमीन आणि पोलाद या जाती सोडून प्रत्येकाचा दर टर्नला सोळावा हिस्सा जीव जातो. खडकाच्या जातीचं एक संरक्षण दीडपट होतं. टायरनिटार आणि एक्सकाड्रिल, जुनी जोडी, घरी बघा. बर्फ: आधी गारा पडायच्या आणि इजा करायच्या, 2022 च्या स्कार्लेट-व्हायोलेटपासून नुसता बर्फ पडतो, इजा नाही, पण बर्फाच्या जातीचा बचाव दीडपट. अलोलाची नाइनटेल्स तो आणते. ती फार वेगवान आहे, त्यामुळे तिच्याबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल. (हशा)

ट्रिक रूम राहिली. तिच्यावर मी अर्धा तास काढला होता. पाच टर्न सगळं उलटं होतं, सर्वांत संथ तो सर्वांत आधी. टॉर्कोल, ऊन, ट्रिक रूम आणि इरप्शन. अधिक बोलत नाही, बोललो तर थांबणार नाही.

संघ बांधणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, कागदावर सर्वांत आधी हवामान आणणाऱ्याचा वेग लिहा आणि शेजारी चालू हंगामातल्या इतर हवामानवाल्यांचे वेग. आपला आकडा सर्वांत खाली असेल तर पुढे जा, नसेल तर खाली आणा, आणताच येत नसेल तर तो मागून कधी उतरवायचा ते आधीच ठरवा. दोन, हवामानावर जगणारे दोनच घ्या. उरलेल्या तिघांना ऊन-पाऊस कशाचीच गरज पडता कामा नये, कारण चार निवडताना कधी आणणाऱ्यालाच घरी ठेवावं लागतं. तीन, पाचव्या टर्नच्या अखेरीस काय करणार ते पहिल्या टर्नआधी ठरलेलं हवं. हवामान आणणारा जिवंत आणि बाकावर बसलेला असेल तर सामना अजून तुमचा आहे. त्याला मारामारीत खर्चू नका.

प्रश्न लेखी पाठवा. पहिल्या रांगेतल्या वाइड गार्डवाल्यानं जिन्यापाशी थांबावं, त्याला अजून उत्तर द्यायचं आहे. ‘टॉर्कोलऐवजी दुसरं काही चालेल का’ अशा चिठ्ठ्या कृपया पाठवू नयेत.