मे महिन्यातली विहीर

दुष्काळाशी जुळवून घेण्याचे आपले प्रयत्न फळाला आले, हे कशावरून ठरवायचे? किती नाले खोल केले, त्यावरून? श्रोतेहो, जलयुक्त शिवार अभियान २०१४ मध्ये सुरू झाले. २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचे होते. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी फारशी वाढली नाही, असे ‘कॅग’च्या अहवालाने २०२० मध्ये सांगितले.

मी तर म्हणेन, मे महिन्यात विहिरीचे पाणी मोजा. तेही सलग काही वर्षे. कारण पाऊस भरपूर झाला, की कुठलीही योजना यशस्वीच दिसते! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारला पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिके घ्यायची, ते ग्रामसभेत ठरते.