उद्घाटनानंतरची वीज



ओझरला येणाऱ्याची नजर आधी विघ्नहराच्या मंदिराच्या शिखराकडे जाते. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ते सोन्याने मढवलं, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दानाची खूण लांबून दिसावी, ही रीत आपल्याकडे जुनीच. याच तालुक्यात खोडदला मात्र एका वेगळ्या दानाची खूण उभी आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, एकेकीचा व्यास 45 मीटर. ही दुर्बीण उभारली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, आणि त्या संस्थेची सुरुवात झाली होमी भाभांनी 1944 साली सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेल्या एका पत्रातून. पुढे खर्चाचा भार सरकारने उचलला. पण ट्रस्टने त्या वेळी एखादं यंत्र विकत घेऊन दिलं नव्हतं. माणसं जमतील, शिकतील आणि पुढचं पुढे ठरवतील, यासाठी पैसा दिला होता. वाड्यावस्त्यांवरच्या विजेचा आणि पाण्याचा विचार करताना हा फरक फार उपयोगी पडतो.

सह्याद्रीवरचा पाऊस अडवून खोपोलीच्या वीजगृहात वीज तयार झाली आणि 1915 पासून ती मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. त्याच डोंगररांगेतल्या, पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत घराघरांत विजेचे दिवे लागले ते 2012 साली. मध्ये 97 वर्षं गेली.

आंबेगावच्या पश्चिम भागाला ही गोष्ट नवी नाही. घोड नदीवर डिंभे धरण झालं, कालव्यांनी पूर्वेकडची शिवारं भिजली. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ती महादेव कोळी कुटुंबं मात्र वर डोंगराच्या अंगाला सरकली. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या वाट्याला सुविधा सगळ्यांत शेवटी आल्या. म्हणून या भागात आलेल्या देणगीला उपकार म्हणणं चुकीचं आहे. ती थकलेल्या देण्याची छोटीशी फेड आहे.

दरेवाडीत 39 घरं. पुण्याच्या ग्राम ऊर्जा या कंपनीने तिथे 9.4 किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला, त्यासाठी पैसा दिला बॉश सोलर या जर्मन कंपनीने. वीज तशी थोडीच: नारायणगावच्या बागायतदाराचे साडेसात अश्वशक्तीचे दोन पंपही तिच्यावर एकदम चालायचे नाहीत. पण तेवढ्या विजेवर घरात दिवे लागले, वाडीत पिठाची गिरणी सुरू झाली. डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरायचा, नंबर येईपर्यंत थांबायचं आणि पीठ घेऊन पुन्हा चढायचं, हे ज्या बायकांनी केलंय त्यांना गिरणीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

खरी कमाल पुढे आहे. प्रकल्प चालवायला गावकऱ्यांचा स्वतःचा न्यास झाला. प्रत्येक घराला मीटर बसलं, वापराप्रमाणे बिल येऊ लागलं, वाडीतल्याच तरुणांना देखभाल शिकवली गेली. पॅनेल देणगीचं, ऊन देवाचं, मग बिल कशाचं? बॅटरीचं. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं; रात्रीची वीज साठवणारी लेड-ॲसिड बॅटरी चार-सहा वर्षांत दम टाकते. मधल्या काळात तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, टर्मिनलवर चढलेला पांढरट-हिरवा थर घासून काढावा लागतो. हे दोन-चार महिने कुणी केलं नाही, तर दिवे मंद होत जातात आणि दात्याच्या नावाची पाटी तेवढी चकचकीत राहते. अशी बंद पडलेली युनिटं, गंजलेले सौर पथदिवे, मोटार जळालेल्या नळयोजना दाखवायला कुणाला लांब न्यावं लागत नाही.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायला लावली. पैसा आला, ही चांगलीच गोष्ट. पण हा खर्च आर्थिक वर्षाच्या हिशेबात दाखवायचा असतो, आणि बॅटरी मरते सहाव्या वर्षी. मार्चअखेर फीत कापता येते. सहाव्या वर्षीच्या दुरुस्तीचा फोटो कुठल्याच अहवालात येत नाही. प्रशिक्षण, हिशेबनीस, दुरुस्तीचा राखीव निधी या दिसायला रुक्ष बाबींवर पैसा खर्चणारा दाता अधिक शहाणा, आणि असे दाते अजून फार कमी आहेत.

डिंभ्याच्या काठावर आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेने दुसरी वाट दाखवली. डोंगरउतारावर एकमेकांच्या मदतीने भातखाचरं घडवायची पडकई ही इथल्या आदिवासींची जुनी पद्धत. तिला रोजगार हमीचा पैसा मिळावा म्हणून संस्था सरकारशी भांडत राहिली. जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. 2012 साली या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. संस्थेकडे धरण बांधण्याएवढा पैसा कधीच नव्हता. थोडक्या देणगीतून तिने लोकांच्या हक्काचा सरकारी पैसा मोकळा करून घेतला, आणि हे काम पाट्या लावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

तसा पैसा आजही येतो. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी अशा क्षेत्रातल्या, पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. तिथे आज पदवी घेणाऱ्यांची गरज आहे. इलेक्ट्रिकल शिकलेल्याने पंपाचं अंदाजपत्रक वाचावं आणि विहीर उन्हाळ्यात किती खाली जाते, ते गृहीत धरलंय का हे विचारावं. वाणिज्य शाखेच्या मुलीने देखभालीचं वेगळं खातं उघडून त्यात दर घराचे महिन्याचे पैसे जमा होताहेत ना, हे पाहावं. कंपनीशी होणाऱ्या करारात बॅटरी बदलण्याची जबाबदारी कुणाची, हे कलम नसेल तर सही करण्याआधी ते घालून घ्यावं. आणि महावितरणची लाइन उद्या वाडीवर पोचलीच, तर सौर पॅनेलवर गिरणी चालवायची की पाण्याचा पंप, याचा ठराव आजच लिहून ठेवावा. ग्रामपंचायत ही कागदपत्रं दाखवायला बांधील आहे. ती मागायला पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उभं राहायला हवं.