मानेतली उसवण

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा ते साहजिकच होतं. मी विषय बदलून मागितला आणि समितीने तो दिला, त्याबद्दल आधी आभार. मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले जे डॉक्टर समोर बसले आहेत, त्यांनी माझं काही चुकलं तर जेवताना जरूर सांगावं.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या मानेतली एक धमनी आतून फाटली. त्या दिवसांत मला जे समजून घ्यावं लागलं ते आज सांगणार आहे, कारण हा दुखणेकरी पाहुणा नेमका आपल्या वयाच्या माणसांकडे येतो. नवऱ्याची परवानगी घेतली आहे. तो मागच्या रांगेतच बसला आहे.

मानेतून मेंदूकडे चार मोठ्या धमन्या जातात. पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड आणि मागे मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. धमनीची भिंत तीन थरांची असते. कोटाच्या बाहीचं अस्तर उसवलं की काय होतं आठवा. हात बाहीतून पुढे जाण्याऐवजी अस्तर आणि कापड यांच्यामध्ये शिरतो आणि अडकतो. इथे हाताच्या जागी रक्त असतं. आतल्या थराला चीर गेली की रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं, भिंत आतल्या बाजूला फुगते आणि मूळ वाट अरुंद होते. शिवाय फाटलेल्या जागी गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. डॉक्टर याला डिसेक्शन म्हणतात.

रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या एकूण पक्षाघातांत याचा वाटा साधारण २ टक्के. पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत हे एक प्रमुख कारण आहे आणि या रुग्णांचं सरासरी वय पंचेचाळीसच्या आसपास असतं. शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी सगळं ठीक असलेल्या माणसालाही हे होतं. कधी निमित्त असतं अपघाताचं किंवा मानेला बसलेल्या झटक्याचं, कधी जोराच्या खोकल्याचं किंवा नुकत्याच झालेल्या संसर्गाचं, तर कधी काहीच सापडत नाही. मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने १९९३ मध्ये पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर त्यांना पक्षाघाताची लक्षणं दिसली होती. आपल्याकडे पुरुषमंडळी चंपीनंतर मान कडकड मोडून घेतात. हजारांतल्या बहुतेकांना काही होत नाही, तरी ती मोडून घेऊन मिळतं काय, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते.

आता आमच्या घरची गोष्ट. आठवडाभर खोकला होता. मग मानेच्या उजव्या बाजूला कानापर्यंत जाणारी दुखी सुरू झाली. आधी कधीच झाली नव्हती अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची उजवी पापणी थोडी उतरलेली दिसली आणि त्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा लहान. डोळ्याकडे जाणारे काही बारीक मज्जातंतू कॅरोटिडच्या भिंतीला चिकटून वर जातात. भिंत फुगली की ते दाबले जातात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण आमच्या फॅमिली डॉक्टरांना होतं. त्यांनी डोळा पाहिला आणि थेट मानेच्या सीटी अँजिओग्राफीला पाठवलं. उजवी कॅरोटिड फाटलेली होती. पक्षाघात अजून झालेला नव्हता.

संध्याकाळपर्यंत नातेवाईक जमले. सगळ्यांच्या तोंडी एकच. "स्टेंट टाकून मोकळे व्हा. काकांना हृदयात दोन टाकले, चार दिवसांत घरी आले." न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "आत्ता स्टेंट नको. गोळ्या देऊ, आडवं ठेवू, लक्ष ठेवू." माझे दीर चिडले. म्हणाले, "वहिनी, फाटलंय ते दिसतंय, आणि हे गोळ्या देतात?"

मीही तेच विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की ही चीर बहुतेक वेळा शरीर स्वतःच भरून काढतं, त्याला तीन ते सहा महिने लागतात. तोवर गुठळी होऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम. नंतर मी याबद्दल वाचलं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात २५० रुग्णांवर झालेल्या कॅडिस नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. निम्म्यांना अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं, निम्म्यांना रक्त पातळ करणारी. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात झाला तो दोन्ही गट मिळून चौघांना. स्टेंटची औषधांशी अशी तुलना करणारी मोठी चाचणी झालेलीच नाही. म्हणून आधी औषध.

मग स्टेंट लागतो कधी? ते आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. उशीला टेकून बसवल्यावर त्याचा डावा हात जड झाला आणि शब्द अडखळायला लागले. आडवं केलं, पाच मिनिटांत सुधारला. दोन तासांनी पुन्हा तेच. नव्या तपासणीत वाट जवळजवळ बंद झालेली दिसली आणि दुसऱ्या बाजूच्या धमन्यांतून येणारं रक्त पुरत नव्हतं. आता डॉक्टर म्हणाले, "आता थांबण्यातला धोका घालण्यातल्या धोक्यापेक्षा मोठा आहे." संमतिपत्रावर सही माझी होती. त्यात पक्षाघात आणि मृत्यू हे दोन्ही शब्द छापलेले होते.

हृदयातला स्टेंट आणि मानेतला स्टेंट वेगळे असतात. हृदयातला सहसा फुग्याने फुगवून बसवतात. मान मात्र सतत वळते, बाहेरून दाबलीही जाते. फुग्याने बसवलेली जाळी चेपली तर चेपलेलीच राहील. म्हणून इथे बहुतेक वेळा निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी वापरतात. ती नळीत दाबून नेतात आणि नळी मागे ओढली की आपोआप उघडते. दाबली तरी मूळ आकारात परत येते. या आजारात आत चरबीचा कठीण थर नसतो, त्यामुळे फुग्याने जोर लावायची गरज सहसा पडत नाही. उसवलेलं अस्तर पुन्हा भिंतीला टेकवून धरायचं, एवढंच काम.

अवघड भाग आहे त्याआधीचा. मांडीच्या सांध्यातून नेलेली बारीक तार फाटलेल्या जागी खऱ्या वाटेनेच पुढे गेली पाहिजे. ती भिंतीतल्या खोट्या पोकळीत शिरली आणि जाळी तिथे उघडली, तर खरी वाट बंद होते. चीर लांब होती, म्हणून एकाला एक जोडून दोन स्टेंट लागले. दीड तास लागला. त्यानंतर रक्तदाबावर करडं लक्ष, कारण उपाशी राहिलेल्या भागात एकदम भरपूर रक्त गेलं तर तेही घातक. मग कित्येक महिने दोन गोळ्या, एकही न चुकवता. गोळी सुटली तर जाळीतच गुठळी होऊ शकते. म्हणजे स्टेंट घातला म्हणून औषध सुटत नाही, उलट अधिक काटेकोर होतं.

आज तो ऑफिसला जातो, गाडी चालवतो. शर्टाची बटणं लावताना डाव्या हाताची दोन बोटं मागे राहतात. तेवढं राहिलं.

माझ्या कामात चालू असलेल्या सिस्टीमला उगाच हात लावायचा नाही, असा नियम असतो. पण कोणत्या आकड्यावर हात लावायचाच, हेही आधी ठरवून ठेवलेलं असतं. त्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. पहिल्या दिवशी आमच्या आग्रहापुढे ते नमले नाहीत आणि चौथ्या दिवशी थांबले नाहीत. दोन्हींसाठी मी त्यांची ऋणी आहे.

तुमच्या घरी कधी ही वेळ आली, तर तीन प्रश्न विचारा. मेंदूला पुरेसं रक्त पोचतंय का? औषध चालू असताना नवीन लक्षण आलंय का? स्टेंट घातला तर कोणत्या गोळ्या, किती महिने? उत्तरं ऐका आणि मग ठरवा. काकांच्या स्टेंटवरून ठरवू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ. मानेच्या किंवा डोक्याच्या एका बाजूला आयुष्यात पहिल्यांदाच होणारी विचित्र दुखी, सोबत उतरलेली पापणी, कानात नाडीचे ठोके ऐकू येणं, अचानक तोल जाणं, यातलं काही दिसलं तर बाम चोळत बसू नका, मालिश तर नकोच. चेहरा वाकडा झाला, हात पडला, बोलणं अडखळलं, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आपल्यापैकी जे गावाकडे राहतात, त्यांनी सीटी स्कॅन आणि न्यूरॉलॉजिस्ट असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून फोनमध्ये नंबर ठेवावा.

पुढच्या मेळाव्याला आपण सगळे, एकही गैरहजर न राहता भेटू या.